'आढळले नाही' याचा अर्थ काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले पंधरा दिवस छोट्या अणुभट्ट्यांवर जी चर्चा चालू आहे, तिच्यातील दोन पत्रांमुळे हे लिहावेसे वाटले. एका वाचकांनी असे म्हटले आहे की तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या परिसरातील पाण्यात 'काहीही आढळलेले नाही', तेव्हा भूजलाचा प्रश्न तेथेच मिटला. दुसऱ्या वाचकांनी थेट लासलगावचे नाव घेऊन निफाड तालुक्यातील विहिरींबद्दल भीती व्यक्त केली आहे. माझी नोकरीची बत्तीस वर्षे नाशिक जिल्ह्यातील विहिरींची पाणीपातळी मोजण्यात आणि त्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करण्यात गेली. अणुशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु नमुना कसा घेतात आणि त्याचा अहवाल कसा वाचावा एवढे मला ठाऊक आहे, आणि दोन्ही पत्रांत नेमके तेच निसटले आहे.

लासलगावचा मुद्दा आधी बाजूला करतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली तेथे उभारलेल्या विकिरण केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्याला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण दिले जातात. हा कोबाल्ट घन धातूच्या रूपात, पोलादी नळ्यांत बंद केलेला असतो. त्याच्या किरणांमुळे कांदा किरणोत्सारी होत नाही, आणि ओढ्यात किंवा जमिनीत मुरेल असे किरणोत्सारी सांडपाणी या प्रक्रियेतून निघत नाही. तारापूरविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. तेथील भूजलाचा उतार समुद्राकडे आहे. सह्याद्रीच्या पलीकडचे पाणी घाट चढून आपल्या विहिरींत येणार नाही. तेव्हा नाशिककरांनी आज घाबरून जावे असे या विषयात काहीही नाही. तरीही तो समजून घ्यायला हवा, कारण २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे लक्ष्य जाहीर झाले असून, कारखान्यांच्या स्वतःच्या वापरासाठी २२० मेगावॉटच्या अणुभट्ट्या उभारण्याची योजनाही पुढे आलेली आहे. आजवर समुद्रकिनाऱ्यावर किंवा मोठ्या धरणांच्या काठी असलेली ही गोष्ट उद्या एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणालगत येऊ शकते, आणि महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहती बहुतांशी बेसॉल्टवर, म्हणजे आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो त्यावर वसलेल्या आहेत.

अणुप्रकल्प म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्फोट येतो. भूजलाच्या दृष्टीने धोका बहुधा त्याहून किती तरी किरकोळ दिसणाऱ्या जागी असतो: जमिनीखालून गेलेला पाइप, जुनी झालेली झडप, तडा गेलेली टाकी. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ब्रेडवुड येथील वीजकेंद्रातून नदीकडे जाणाऱ्या पाइपलाइनच्या झडपांतून १९९६ पासून अनेकदा गळती झाली. तिचा जमिनीखालील पसारा नीट तपासला गेला तो २००५-०६ मध्ये, आणि तेव्हा शेजारच्या एका घरगुती विहिरीतही ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य सापडले. त्याचे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या बरेच खाली होते. पण मधली जवळपास दहा वर्षे त्या विहिरीचे पाणी वापरणाऱ्याला याचा पत्ता नव्हता. मिनेसोटातील मॉन्टिसेलो येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे १५ लाख लिटर ट्रिटियमयुक्त पाणी गळाल्याचे ध्यानात आले. नियामकांना ते लगेच कळवले गेले, परंतु सर्वसामान्य लोकांना कळले मार्च २०२३ मध्ये.

या दोन्ही ठिकाणी ट्रिटियमच का सापडले, हे समजून घेतले की देखरेखीचे निम्मे शास्त्र समजते. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच जड भाऊ आहे. तो पाण्याच्या रेणूतच बसलेला असतो, त्यामुळे गाळून, उकळून किंवा मातीतून मुरवून तो वेगळा होत नाही आणि पाणी ज्या वेगाने पुढे सरकते त्याच वेगाने तोही सरकतो. अणुप्रकल्पातील इतर किरणोत्सारी द्रव्यांपैकी सीझियम चिकणमातीला चिकटून राहते, स्ट्रॉन्शियम रेंगाळत पुढे जाते, प्लुटोनियम तर बहुतेक वेळा फारसे हलतच नाही. म्हणून गळती झाल्याची पहिली वर्दी ट्रिटियम देतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षांचा आहे आणि त्याचे किरण इतके क्षीण असतात की ते त्वचेतूनही आत शिरत नाहीत. तो शरीराच्या आत गेला तरच विचार करावा लागतो. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की बाजारात मिळणारे किरणोत्सार मोजण्याचे गायगर यंत्र पाण्याच्या बादलीवर धरून तो कळत नाही. समाजमाध्यमांवर असे यंत्र हातात घेऊन 'हे पाहा, पाणी शुद्ध आहे' सांगणारे आणि 'हे पाहा, काटा हलला' सांगणारे अशा दोघांचेही व्हिडिओ मी पाहिले आहेत, आणि दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत. ट्रिटियम मोजण्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतील खास गणकात, प्रकाशकण उमटवणाऱ्या द्रवात मिसळून ठेवावा लागतो. शिवाय थोडेसे ट्रिटियम पावसाच्या पाण्यात नैसर्गिकरीत्याही असते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे ते जगभर वाढलेही होते. म्हणजे प्रकल्प येण्यापूर्वी त्या विहिरीत किती होते याची नोंद नसेल, तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावताना वाद होणारच.

या विषयातील सर्वांत मोठा धडा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डचा आहे. कोलंबिया नदीकाठच्या या जागी १९४३ पासून अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवण्याचे काम सुरू झाले. तेथे जमिनीत १७७ टाक्या पुरलेल्या आहेत, आणि त्यांपैकी १४९ एकाच पोलादी आवरणाच्या आहेत. कमी तीव्रतेचे सांडपाणी तर सरळ चर आणि खड्डे खणून जमिनीत सोडले जात असे. त्यामागील तर्क वरवर पाहता पटण्यासारखा होता: पाऊस तुरळक, भूजल खूप खोल, मधे कोरड्या वाळू-गोट्यांचा जाड थर, तो थर सगळे धरून ठेवील. टाक्यांतून गळालेला कचराही भूजलापर्यंत जाणार नाही असे वर्षानुवर्षे मानले गेले, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याला तो भूजलापर्यंत पोहोचल्याचे मान्य करावे लागले. आज तेथे शेकडो विहिरींतून नियमित नमुने घेतले जातात, त्यांच्या विहीरनिहाय नोंदी कोणालाही पाहता येतात, आणि २०१२ पासून एक मोठे केंद्र दूषित भूजल उपसून, शुद्ध करून पुन्हा जमिनीत सोडत आहे. तेथील यादीतील टेक्नेशियम-९९ चा अर्धायुकाल दोन लाख वर्षांहून अधिक आणि आयोडीन-१२९ चा दीड कोटी वर्षांहून अधिक आहे. हे काम कोणत्या पिढीच्या हातून संपेल याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

हॅनफर्डच्या यादीत मला अधिक बोलकी वाटणारी नावे मात्र वेगळी आहेत: षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप), कार्बन टेट्राक्लोराइड (एक विद्रावक), नायट्रेट. यांपैकी एकही किरणोत्सारी नाही. अणुभट्ट्या थंड करणाऱ्या पाण्यामुळे पाइप गंजू नयेत म्हणून त्यात सोडियम डायक्रोमेट टाकत असत. तेच क्रोमियम जमिनीत मुरून नदीकडे, सामन मासे अंडी घालतात त्या पात्राकडे सरकू लागले. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील वाचकांना प्लेटिंगच्या निमित्ताने क्रोमियम नवे नाही. सांगायचे इतकेच की अणुप्रकल्पाभोवतीच्या विहिरींत फक्त किरणोत्सार मोजला आणि 'आढळला नाही' असे छापले, तर तेथील पाण्याबद्दल निम्मीच माहिती मिळाली. आणि प्रकल्पाशेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत असेल, जशी तारापूर-बोईसरला आहे, तर कोणते दूषण कोणाचे हे ठरवण्यासाठी दोन्ही प्रकारच्या तपासण्या एकाच विहिरीवर, एकाच दिवशी व्हायला हव्यात.

योगायोगाने हॅनफर्डच्या वाळू-गोट्यांखालीही बेसॉल्टच आहे, आपल्या दख्खनच्या पठारासारखाच थरावर थर रचलेला. त्यात खोलवर अणुकचरा पुरण्याचा एक प्रकल्पही अभ्यासला जात होता. १९८७ मध्ये तो सोडून देण्यात आला. मी हे सांगतो ते बेसॉल्टचा स्वभाव ध्यानात यावा म्हणून. वाळूत दूषित पाणी पंख्यासारखे पसरत जाते, त्यामुळे पाच-सहा विहिरी घेतल्या तर एखादी तरी त्याच्या वाटेत येते. आपल्या पाषाणात पाणी सगळीकडे नसते. ते वरच्या मुरमात असते, सांध्यांत आणि भेगांत असते, दोन लाव्हाथरांच्या मधल्या गेरूच्या पट्ट्यालगत असते. तळहाताएवढ्या भेगेतून वाहणारे पाणी वीस फुटांवरच्या बोअरला चुकवून पुढे जाऊ शकते. एकाच शेतात एका बोअरला चार इंची पाणी आणि दुसऱ्यात नुसता फुफाटा, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने आणि प्रत्येक पाणाड्याने घेतलेला आहे.

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि कारखान्याचे नाव घेत नाही. एका वसाहतीलगतच्या वस्तीवर आडाचे पाणी पिवळट येऊ लागले आणि त्याला उग्र वास येऊ लागला. तक्रार झाली, नमुना घेतला गेला, अहवाल आला: सर्व घटक मर्यादेच्या आत. लोक संतापले, कारखान्याने तो अहवाल फ्रेम करून लावला. मी दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा उलगडा झाला. पहिला नमुना आडाचा नव्हताच. रस्त्याकडेच्या हातपंपाचा होता. गाडी तिथपर्यंत जात होती म्हणून. हातपंपाचे बोअर दोनशे फूट खोल होते, वरच्या भागात केसिंग पाइप घातलेला होता आणि मधल्या अखंड पाषाणामुळे वरचे पाणी त्यात उतरत नव्हते. आड होता तीस फुटांचा, मुरमातला. दोन्ही जलस्रोतांत अंतर होते चाळीस पावलांचे, आणि पाणी दोन वेगळ्या जगांतले. अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता, हे मला त्या वेळी सर्वांत जास्त खटकले. नंतर मी प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर विहिरीची खोली, केसिंगची लांबी आणि त्या दिवशीची पाणीपातळी लिहू लागलो. वरिष्ठांनी त्याला 'अनावश्यक तपशील' असा शेरा दिल्याचेही आठवते.

निरीक्षण विहीर म्हणून मुद्दाम खोदलेल्या बोअरमध्ये या सगळ्याची काळजी घेता येते. जाळीदार पाइप ज्या थरातील पाणी हवे त्याच्यासमोरच बसवतात, त्याच्याभोवती धुतलेली खडी भरतात, वरचे पाणी कडेने उतरू नये म्हणून बेंटोनाइट मातीचा आणि सिमेंटचा बूच करतात, आणि तोंडाला कुलूप लावतात. नमुना घेण्यापूर्वी आत साचून राहिलेले शिळे पाणी उपसून टाकावे लागते. निदान एक विहीर भूजलाच्या चढाच्या बाजूस लागते, कारण प्रकल्पाकडे येणारे पाणी कसे होते हे कळल्याशिवाय प्रकल्पातून जाणाऱ्या पाण्याबद्दल काही म्हणता येत नाही. उथळ आणि खोल थरांसाठी शेजारी शेजारी वेगवेगळ्या विहिरी लागतात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पातळीत इतका फरक पडतो की मे महिन्याचा नमुना आणि ऑक्टोबरचा नमुना एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. काही वेळा पावसाने दूषण विरळ होते, तर काही वेळा वर चढलेली पातळी मुरमात अडकून बसलेले द्रव्य धुऊन खाली आणते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते, ते याच समजुतीतून.

नमुन्याचे महत्त्व नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला मी काय सांगावे? २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि निर्यातदार अडचणीत आले. इथल्या तपासणीत तो का सापडला नव्हता? कारण तपासायच्या रसायनांच्या यादीतच तो नव्हता. जे शोधले नाही ते सापडले नाही. त्यानंतर यादी बदलली, आणि आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, नमुन्याचे सील आणि अहवालाचा माग हे सारे आपल्याकडे अंगवळणी पडले आहे. जर्मनीतल्या ग्राहकाला आपल्या घडाची जेवढी माहिती मिळते, तेवढी अणुप्रकल्पाशेजारी राहणाऱ्या माणसाला त्याच्या विहिरीची मिळावी, एवढे मागणे अवाजवी ठरू नये.

द्राक्षांवरून आठवले म्हणून फ्रान्सचे उदाहरण देतो. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात त्रिकास्तँ येथील अणुउद्योग संकुलात जुलै २००८ मध्ये युरेनियमचे द्रावण सांडले आणि त्यातले अंदाजे ७४ किलो युरेनियम बाहेर गेले. आसपासच्या गावांत विहिरीचे पाणी पिण्यास आणि शेतीला वापरण्यास काही काळ बंदी घातली गेली. मग कसून तपासणी झाली, आणि तिच्यात असे दिसले की काही विहिरींतील युरेनियमचे प्रमाण त्या सांडण्याने समजावून सांगता येत नाही. ते आधीपासूनचे असावे. आधी तिथे कोणी शोधलेच नव्हते. त्या परिसराच्या वाइनला तोवर 'कोतो द्यु त्रिकास्तँ' हे मानाचे नाव होते. पुढे उत्पादकांनी खटपट करून २०१० मध्ये ते नावच बदलून घेतले. वाइनमध्ये दोष निघाला म्हणून नव्हे. ग्राहकाला बाटलीवरचे नाव वाचून प्रकल्प आठवे म्हणून. पारदर्शक नोंदी नसल्या की निर्दोष शेतकऱ्यालाही किंमत मोजावी लागते, आणि प्रकल्पचालकांनाही आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही.

आपल्या देशात देखरेख होतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा प्रत्येक अणुवीजकेंद्राजवळ, प्रकल्प सुरू होण्याच्या आधीपासून काम करतात. तीस किलोमीटरपर्यंतच्या टापूतील पाणी, दूध, भाजीपाला, मासे, माती यांचे नमुने त्या घेतात. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला एक मिलिसिव्हर्ट ही किरणोत्साराची मर्यादा आहे, आणि प्रसिद्ध होणारे आकडे तिच्या फार खाली असतात. ते खोटे आहेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. तक्रार आहे ती त्यांच्या रूपाबद्दल. लोकांपर्यंत बहुधा माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या एकत्रित मात्रेचा आकडा येतो. कोणत्या विहिरीचे, किती खोलीवरचे, कोणत्या महिन्यातले पाणी तपासले आणि यंत्राची शोधमर्यादा, म्हणजे त्याला ओळखता येणारे कमीत कमी प्रमाण, किती होती, हे येत नाही. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यापासून या क्षेत्रावर गोपनीयतेचे पांघरूण आहे. अणुभट्टीच्या रचनेबाबत ते समजू शकते. गावच्या विहिरीतील पाण्याबाबत त्याचे समर्थन कसे करायचे? झारखंडमधील जादुगुडा येथे आणि आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्ले येथे युरेनियम खाणींच्या गाळतलावांवरून जे वाद वर्षानुवर्षे चालू आहेत, त्यांत एक बाजू आपले आकडे पुढे करते आणि दुसरी आपली पिके आणि जनावरे दाखवते. मधे दोघांनाही मान्य असलेले विहिरींचे जुने दप्तर नाही.

'मर्यादेच्या आत' या शब्दांनीही फार हुरळून जाऊ नये. पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १०,००० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) आहे, अमेरिकेची मर्यादा सुमारे ७४०, आणि युरोपीय संघ १०० च्या वर गेले की कारण शोधायला सांगतो. युरेनियमसाठी जागतिक आरोग्य संघटना लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम म्हणते, तर आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने ६० ही मर्यादा धरली होती. यांपैकी युरोपचा आकडा आरोग्याच्या मर्यादेपेक्षा धोक्याच्या घंटेसारखा वापरला जातो, आणि देखरेखीसाठी मला तोच उपयोगाचा वाटतो. विहिरीत दरवर्षी पाच बेकरेल येत असतील आणि एका वर्षी चाळीस आले, तर प्रत्येक मर्यादेच्या आत असूनही पाइप तपासायला माणूस पाठवला पाहिजे.

तेव्हा महाराष्ट्रात कोठेही असा प्रकल्प प्रस्तावित झाला, तर त्या परिसरातील विहिरींची निदान दोन पूर्ण पावसाळ्यांची नोंद पहिली कुदळ पडण्याआधी व्हावी, तिच्यात किरणोत्सारी द्रव्यांबरोबर क्रोमियम, नायट्रेट आणि विद्रावकही असावेत, आणि ती नोंद प्रकल्पाच्या दप्तरात न अडकता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. नमुना घेताना त्याचे दोन भाग करून एक भाग गावाने निवडलेल्या प्रयोगशाळेकडे जावा. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाचा हेतू पाण्याचे स्रोत जपण्याचाच आहे. प्रकल्प केंद्राचा म्हणून राज्याच्या भूजल यंत्रणेने कुंपणाबाहेर हात बांधून उभे राहण्याचे कारण नाही. कुंपणाबाहेरच्या विहिरी तिच्याच वहीत आहेत. बेसॉल्टमध्ये नैसर्गिक युरेनियम सहसा कमी असते, त्यामुळे आपल्या खडकात ही आधीची नोंद घेतली तर नंतरचा बदल ओळखणे तुलनेने सोपे जाईल, हा आपल्याला मिळालेला एक फायदाही आहे.

आपल्यालाही एक विनंती आहे. यापुढे अशा कोणत्याही प्रकल्पाविषयी 'पाणी सुरक्षित' किंवा 'पाणी विषारी' अशी बातमी वार्ताहराकडून आली, तर तिच्यासोबत विहिरीचे ठिकाण, खोली, नमुन्याची तारीख, तपासलेल्या घटकांची यादी आणि शोधमर्यादा मागवून घ्यावी, आणि मिळाली नाही तर ती मिळाली नसल्याचे एका ओळीत छापावे.

आपला,
एक निवृत्त भूजल सर्वेक्षक,
इंदिरानगर, नाशिक